चंपाच्या पिल्लाचं बारसं

बिबट्याच्या पिल्लाला झबलं घालायचं की नुसतं टोपडं, यावर आमच्या महिला मंडळात बराच वेळ वाद झाला. मालन जंगमचं म्हणणं, झबलं घातलं तर ठिपके झाकले जाणार, आणि ठिपकेच दिसले नाहीत तर बोका काय आणि बिबट्या काय! शेवटी टोपड्यावर मिटलं. ते शिवायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्याच्या कॉलनीत कुठलंही काम फिरून फिरून माझ्याकडेच यायचं, आणि ते यावं अशी माझीही इच्छा असायची.

ही गोष्ट जुनी आहे. माझे यजमान साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. ऑफिसच्या मागं कारखान्याची बाग होती. तिच्यात हरणं होती, मोर होते, आणि एका पिंजऱ्यात चंपा नावाची बिबट्याची मादी होती. ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेली, पुढं पिंजऱ्यातच वाढलेली. ती पिल्लू असताना चेअरमनसाहेबांच्या मांडीवर बसवून काढलेला तिचा फोटो ऑफिसात गणपतीच्या शेजारी लावलेला होता. शेजारच्या पिंजऱ्यात बंद पडलेल्या एका सर्कशीतला नर आणून ठेवला होता. त्या दोघांचं हे पिल्लू.

चेअरमनसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनीसाहेब, मंडळाच्या अध्यक्षा. त्या म्हणाल्या, "कारखान्याच्या घरात पाळणा हलतोय. बाराव्या दिवशी बारसं झालंच पाहिजे. आणि आत्या कोण, तर इंदूताई तुम्ही!"

"मी कशी काय?" मी म्हटलं. मनातून गुदगुल्या झाल्या होत्या.

"अहो, डॉक्टर त्याचे बापाच्या ठिकाणी. त्यांची बहीण ती आत्याच की."

डॉक्टर म्हणजे माझा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, मल्लू. कारखान्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तो डॉक्टर होता आणि बागेतली जनावरंही त्याच्याकडेच होती. त्याची बायको गिरिजा माहेरी गेली होती, म्हणून त्या आठवड्यात तो जेवायला आमच्याकडे यायचा. त्या रात्री त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता मी त्याला ही गंमत सांगितली.

तो हसला नाही. "अक्का, पिल्लू मी बाहेर काढणार नाही."

"अरे, पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं आणि परत द्यायचं. घटकाभराचं काम."

"मागच्या खेपेला काय झालं ते विसरलीस काय?"

विसरले नव्हते. मागच्या खेपेला चंपाला दोन पिल्लं झाली होती आणि तिनंच ती मारली होती. कॉलनीत तेव्हापासून तिला कैदाशीण म्हणत.

"ती कैदाशीण बिदाशीण काही नाही," मल्लू म्हणाला. "दिवसभर लोक गजांना तोंड लावून उभे असायचे. ह्या खेपेला मी कुणाला फिरकू दिलं नाही. मागच्या अंगाला सगळीकडनं गोणपाटं बांधली, तर बघ, कशी पाजतीय. आता मध्येच कुणी हात घातला तर हेही जाईल. हे एक जगू दे, एवढंच म्हणतोय मी."

"मी वहिनीसाहेबांना हो म्हणून बसलेय."

"मग नाही म्हणून सांग."

आता इथं मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमची आई गेली तेव्हा मल्लू चड्डीचं बटण लावायलाही माझ्याकडे यायचा. मी त्याच्यापेक्षा फार मोठी नव्हते, पण त्याला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी झाली असं आमच्या आत्याबाई म्हणायच्या. हे हत्यार माझ्याकडे कायमचं होतं. सहसा मी ते काढत नसे. त्या रात्री काढलं.

"आई गेल्यावर तुला कडेवर कुणी घेतलं रे, मल्लू?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "तू हे काढलंस की माझं बोलणंच संपतंय, अक्का."

"मग हो म्हण."

मग त्यानं अटी घातल्या. पिल्लू फक्त मी हातात घ्यायचं, दुसऱ्या कुणीही नाही. वाजंत्री नाही. बायका पिंजऱ्यापासून लांब बसतील. आणि गोणपाटांना कुणी हात लावायचा नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणायला काय पैसे पडतात!

बारशाच्या दिवशी सकाळीच मल्लूला शेजारच्या वाडीवरून बोलावणं आलं. कुणाची तरी गाय अडली होती. तो मोटारसायकलवरून गेला आणि मी बागेत गेले. मांडव घातलेला होता, फुलांच्या माळा आल्या होत्या, पाळणा सजला होता. सगळं साजरं दिसत होतं, आणि बरोबर मागं चंपाचा पिंजरा. त्याच्या मागच्या अर्ध्या भागाला वरपासून खालपर्यंत मळकी, फाटकी, माशा घोंगावणारी गोणपाटं. वास तर असा, की पदर नाकाला लावावा लागला.

बागेवरचा शिपाई सदबा तिथंच होता. मी त्याला म्हटलं, "ही काढ बघू."

"डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंया, अक्का."

"डॉक्टरांना मी सांगते. वहिनीसाहेब फोटोग्राफर घेऊन येणार आहेत. बारशाच्या घरात असली लक्तरं टांगतात काय?"

सदबा तिथंच घुटमळत राहिला. मग मीच पदर खोचला आणि सुतळ्या सोडल्या. चंपा आत पिल्लाला पोटाशी घेऊन पडली होती. पहिलं गोणपाट खाली आलं तशी ती उठून उभी राहिली आणि पिल्लावर आडवी झाली. गुरगुरली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलंसुद्धा, "घाबरू नको गं बाई, तुझ्याच लेकराचं कौतुक आहे."

गोणपाटं मी तशीच टाकून दिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण माझा स्वच्छतेचा सोस! मी ती बागेच्या हौदावर नेऊन सोड्यात भिजवली, दगडावर आपटून आपटून धुतली आणि कुंपणावर वाळत टाकली. मल्लू किती खूश होईल असंच तेव्हा माझ्या मनात होतं. खोटं कशाला सांगू?

गजांना माळा बांधल्या, वरून आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. बायका नटूनथटून जमायला लागल्या. मल्लू आला तेव्हा बाहीवर गाईचं रक्त तसंच होतं. तो पिंजऱ्यासमोर येऊन थांबला.

"गोणपाटं कुठायत?"

"धुतली. अरे, किती घाण वास मारत होता!"

तो धावतच कुंपणाकडे गेला. गोणपाटं हातात घेऊन बघितली. ती नुसती निथळत होती. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "अक्का, आज हे रद्द कर. माझं ऐक. आज नको."

तेवढ्यात वहिनीसाहेबांची गाडी आली. पाठोपाठ फोटोग्राफर. मल्लू त्यांना सामोरा गेला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनीसाहेब, मादी बिथरलीय. आज पिल्लू काढणं बरोबर होणार नाही. तिनं परत घेतलं नाही तर मरंल ते."

वहिनीसाहेब सरळ माझ्याकडे वळल्या, हसल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय इंदूताई, तुमचा भाऊ तुमचं ऐकत नाही वाटतं?"

बायका हसल्या. मालन म्हणाली, "घरात कारभारीण आणि दारात भिकारीण!"

मला त्या क्षणी माझ्या भावाची लाज वाटली. त्याच्या रक्ताच्या बाहीची, जोडलेल्या हातांची, गयावया करण्याची लाज वाटली. एवढ्या बायकांत माझी शोभा करतोय असं वाटलं. मी त्याच्याजवळ जाऊन दात आवळून म्हटलं, "मल्लू, माझी मान खाली घालू नकोस."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि सदबाला हाक मारली.

सदबानं पिंजऱ्याच्या पुढच्या भागात मटण टाकलं. चंपा काही केल्या पुढं येईना. खूप वेळानं आली, तसं मधलं सरकतं दार खाली पडलं. मल्लू मागून आत शिरला आणि पिल्लू घेऊन आला. किलोभर तांदळाच्या पिशवीएवढं असेल. नुकते उघडलेले निळसर डोळे, गुलाबी तळवे. मी त्याला टोपडं घातलं, बंद बांधले. खरंच सांगते, ते इतकं गोड दिसत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त तूच," मल्लू माझ्या कानाशी म्हणाला.

"हो रे."

पण पाळण्यापाशी गेल्यावर वहिनीसाहेब म्हणाल्या, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या झाल्याशिवाय बारसं कसलं? द्या इकडे." आणि मी दिलं. बारशात बाळ पाळण्याच्या वरून आणि खालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरवतात. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. तसं ते फिरलं. आधी चौघींच्यात. मग मागच्या बायका म्हणाल्या, आम्ही काय पाप केलंय? मग ते रांगेनं फिरलं. कुणी मुका घेतला, कुणी दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाची तीट लावली, कुणी पावडर. पोरांनी शेपटी ओढून बघितली. फोटोग्राफर प्रत्येकीला सांगत होता, तोंड इकडं करा त्याचं, इकडं. पिल्लू ओरडत होतं. तोंड केवढंसं, पण आवाज करवतीसारखा कर्कश.

"आईला हाक मारतंय बघा," कुणीतरी म्हणालं.

"आम्ही इतक्या आया असताना!" मालन म्हणाली आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

मागं चंपा सरकत्या दाराला अंग घासत फिरत होती. मटणाला तिनं तोंड लावलं नव्हतं. मल्लू पिंजऱ्यापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

वहिनीसाहेबांनी नाव ठरवलेलं होतं, युवराज. मी पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र केलं. आत्या नाव सांगत असताना तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बायका हात धुऊन माझ्या पाठीमागं लागल्या. मी ओय ओय करत हसत होते आणि पिल्लू माझ्या छातीशी थरथरत होतं. मला ते जाणवत होतं.

टोपडं काढून ते परत आत ठेवलं. पाळणा थांबला, सगळ्या गजांकडे धावल्या. मल्लू ओरडला, "मागं सरा! लांब व्हा!" पण कोण ऐकतंय? मधलं दार वर गेलं. चंपा आत आली, पिल्लाला हुंगलं, काजळ चाटून काढलं आणि मानेला धरून उचललं.

टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडला. "बघा, घेतलं की!" वहिनीसाहेब म्हणाल्या, "डॉक्टर उगाच भेडसावत होते."

चंपा पिल्लू तोंडात घेऊन फिरायला लागली. एका कोपऱ्यात गेली, पिल्लू ठेवलं, वळून बघितलं, पुन्हा उचललं. दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथून पुढच्या भागात, तिथून परत मागं. बायका पोरांना कडेवर उचलून दाखवत होत्या, "बघ बघ, आई कशी बाळाला फिरवून आणतीय." ताटांतून घुगऱ्या वाटल्या जात होत्या. मीही घुगऱ्यांची मूठ घेऊन मल्लूकडे गेले. आपली फत्ते झाली अशा थाटात म्हटलं, "बघितलंस? उगाच तोंड पाडून बसला होतास. केवढी माया करतीय."

त्यानं घुगऱ्या घेतल्या नाहीत. अगदी हळू म्हणाला, "अक्का, ती फिरवत नाही. लपवायला जागा शोधतीय."

मी वळून बघितलं. चंपा पिल्लू घेऊन मागच्या कोपऱ्यात आली होती, जिथं सकाळी ती गोणपाटांच्या आड पडली होती. तिथं आता झेंडूच्या माळा होत्या आणि माळांच्या मधून माणसांची तोंडं. ती थांबली, तोंडं बघितली आणि वळली. सगळा पिंजरा फिरून पुन्हा त्याच कोपऱ्यात आली. पुन्हा वळली. तिला दुसरी जागाच ठाऊक नव्हती.

माझ्या हातातल्या घुगऱ्या खाली सांडल्या. मी कुंपणाकडे पळाले. गोणपाटं अजून ओलीगच्च. तशीच उचलून आणली, नेसूचं लुगडं भिजलं. "सरा गं," मी ओरडले, "बाजूला व्हा, मला हे बांधू द्या!" बायकांना वाटलं मी काही गंमत करतेय. सकाळी मीच काढलेली ती गोणपाटं मीच परत आणत होते. मालन म्हणाली, "आत्याबाई, आता नवीन बाळंतिणीला शेक देताय की काय?" मी एकीला ढकललं. ती रागावली. वहिनीसाहेबांच्या कपाळावर आठी आली. "इंदूताई, अहो, अजून फोटो राहिलेत."

मल्लूनं आणि सदबानं मिळून बायकांना हटवलं तेव्हा दिवस कलत होता. आम्ही तिघांनी माळा तोडल्या, ओली गोणपाटं बांधली. गोणपाटांना सोड्याचा वास येत होता. चंपा त्या कोपऱ्यात आली, गोणपाट हुंगलं आणि पुन्हा वळली. पिल्लू तिच्या तोंडातून लोंबत होतं. आता ते ओरडत नव्हतं.

"ठेवील ती आता," मी म्हटलं. "ठेवील ना रे?"

मल्लूनं मला घरी जायला सांगितलं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी बागेत गेले. चंपा चालतच होती. पिल्लाची मान फाटली होती, डोळे पुन्हा मिटले होते. मेलेलं लेकरू तोंडात धरून ती अजून जागा शोधत होती. दुपारपर्यंत तिनं ते खाली ठेवलं नाही.

कॉलनीत बोभाटा झाला, कैदाशिणीनं हेही खाल्लं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत वहिनीसाहेब हळहळल्या, "शेवटी जात जनावराची. तिला कुठली माया?" सगळ्यांनी मान डोलावली. मी तिथं बसले होते. ती चंपाची बदनामी होती, आणि मी उठून एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि लाज वाटली तरी मी गप्पच बसले, याची त्याहून जास्त वाटते. बारशाचे फोटो धुऊन आले. त्यात पिल्लाचं तोंड उघडं आहे आणि आम्ही सगळ्या हसतोय.

मल्लूनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तो तसाच येत राहिला, माझ्या हातचं जेवत राहिला. चंपाच्या पिंजऱ्याला त्यानं नवी गोणपाटं बांधली, पण तिला पुन्हा पिल्लं झाली नाहीत.

पुढच्या वर्षी गिरिजाला मुलगी झाली. आता मी खरीखुरी आत्या. टोपडं मात्र मी शिवलं नाही, बाजारातून आणलं. मल्लूच्या क्वार्टरमधली बाहेरची खोली बायकांनी भरून गेली होती. बहुतेक त्याच बायका. गोविंद घ्या, गोपाळ घ्या सुरू झालं. पोरगी हातोहात फिरायला लागली आणि रडायला लागली. गिरिजा पाटावर बसली होती. पोर जिकडं जाईल तिकडं तिची मान फिरत होती. एकदा ती अर्धवट उठली, तशी मालननं तिला खांदा धरून बसवलं. "बस गं, एवढ्या आम्ही आहोत की."

पोरगी माझ्या हातात आली. बायकांनी धपाट्यासाठी हात उगारून ठेवले. "सांगा आत्याबाई नाव! कुर्रर्र करा!" दारात मल्लू उभा होता. तो पोरीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. वर्षापूर्वी पिंजऱ्यापाशी उभा राहून बघत होता तसाच.

मी पोरीला छातीशी घेतलं. गिरिजाला म्हटलं, "ऊठ." आणि बायकांच्या मधून वाट काढत दोघींना आतल्या खोलीत घेऊन गेले. गिरिजाला खाटेवर बसवलं, पोर तिच्या मांडीवर दिली आणि दार लावून घेतलं.

"अहो इंदूताई, नाव राहिलं!" बाहेर एकच गिल्ला झाला. "हे काय भलतंच? रीत आहे की नाही काही?"

मग मल्लूचा आवाज आला. "राहू दे. तिला पिऊ दे आधी."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेरून बायका थापा मारत होत्या, आणि फळीतून ती प्रत्येक थाप माझ्या पाठीत बसत होती. पोरगी पिऊन झोपेपर्यंत मी तिथून हलले नाही.